बिबा उतला नाही

१२ जानेवारी २०२५, सावली

ही वही मला फुकट मिळाली. फुकटच्या मालाची प्रत काय असते हे मला कोणी शिकवू नये. कागद पातळ, शाई पलीकडे उमटते, आणि कव्हरवर एक म्हातारा दात काढून हसतोय. शुगर झालेला माणूस इतका हसत नाही.

शाळेच्या सभागृहात नागपूरहून आलेल्या डॉक्टरांचं शिबिर लागलंय. शुगरवाल्या साठ लोकांवर अभ्यास चाललाय. रोज काय खाल्लं, किती चाललो ते वहीत लिहायचं आणि पंधरा दिवसांनी दाखवायचं. खाणं-चालणं मी मागच्या पानांवर लिहीन आणि तेवढी पानं फाडून देईन. पुढची पानं माझी.

अभ्यास कशाचा, तर स्नायूंतून निघणाऱ्या एका हार्मोनचा. माणूस अंगमेहनत करतो तेव्हा त्याचे स्नायू आयरिसिन नावाचं काहीतरी रक्तात सोडतात म्हणे. शुगरमुळे ज्यांच्या पायाच्या नसा मरतात, त्यांच्या रक्तात ते कमी सापडतं, असं काही ठिकाणी दिसलंय. मी विचारलं, "ते कमी झालं म्हणून नसा मेल्या, की नसा मेल्या म्हणून माणूस घरी बसला आणि ते कमी झालं?" डॉक्टरीणबाई म्हणाली, "काका, तेच तर अजून कोणाले पक्कं माहीत नाही." ह्यांना माहीत नाही, आणि रक्त मात्र माझं काढणार.

बाईचं नाव रंजीता मडावी. धानोऱ्याच्या पलीकडची. मी एकतीस वर्षं धानोऱ्याच्या खरेदी केंद्रावर वनोपजाची प्रत ठरवत होतो. हिरडा, मोह, डिंक, बिबा, काहीही आणा. ढिगात हात घातला की सांगायचो, घ्या किंवा परत. परत म्हटलं की खुद्द ब्रह्मदेव आला तरी परत. हिच्या आजीचं टोपलंही मी कधीतरी परत पाठवलं असेल. आता ही माझी प्रत ठरवणार आहे.

१६ जानेवारी

संक्रांतीचे तिळाचे लाडू चार खाल्ले. मागच्या पानावर एक लिहिला.

आज पायांची परीक्षा झाली. दिव्यानी नावाची मुलगी मासे धरायच्या गळाच्या दोरीसारखा एक नायलॉनचा तुकडा तळपायाला टेकवते. आपण डोळे मिटायचे, आणि लागलं की 'हो' म्हणायचं. दहा जागा. ह्याला म्हणे विज्ञान.

माझ्या आधी राइस मिलवरचा वारलू होता. बिचारा डोळे घट्ट मिटून बसला आणि दहातल्या सात जागी गप्प राहिला. वर म्हणतो कसा, "बाई, मले काईच लागून नाई राह्यलं." झालं. त्याच्या कागदावर नसा खराब असं लिहिलं गेलं. त्याला डब्यासारखे जाड बूट मिळाले आणि रोज सकाळी आरशात तळपाय पाहायचा हुकूम. ह्या वयात माणसाने आरशात पाय पाहायचे! मला हसू आवरेना.

मी डोळे किलकिले ठेवले. पोरीचं कोपर हललं की 'हो'. दहापैकी दहा. मला फसवायला लोकांनी एकतीस वर्षं घालवली, त्यातून मीही चार गोष्टी शिकलो आहे. आणि ही लबाडी नव्हेच. दोन-तीन जागी खरंच लागलं होतं. बाकीच्या ठिकाणी माझी कातडी जाड आहे, एवढंच.

२२ जानेवारी

बसस्टँडवरून येताना माझी चप्पल चोरीला गेली. उजवी तेवढीच. चोर एका पायाचा असावा.

संध्याकाळी सुगंधाबाई तीच चप्पल हातात घेऊन आली. "भाजीवालीच्या दारात पडली होती. तुमी तिथून घरापर्यंत तशेच चालत आले का?" मी म्हटलं, चोराला वापरायला दुसरी सापडली नसेल, म्हणून फेकून गेला. ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. चाळीस वर्षं संसार करूनही ह्या बाईला साधी गोष्ट समजत नाही.

२९ जानेवारी

टाचांना भेगा पडल्या आहेत. पायात मुंग्या येतात, आणि चालताना पायाखाली कोणी कापूस पसरून ठेवल्यासारखं वाटतं. हा वात आहे. शिबिरात सांगितलं तर लगेच वारलूचे बूट गळ्यात मारतील, म्हणून सांगितलं नाही.

वातावर आणि भेगांवर औषध एकच, बिबा. माझी आई सुईला बिबा टोचून दिव्यावर धरायची, आणि टपकणारं तेल भेगेत सोडायची. ब्रह्मांड आठवायचं. पण चार दिवसांत टाच साफ.

म्हणून आज दोन बस बदलून धानोऱ्याच्या बाजारात गेलो. बुधरी नरोटे तिच्या नेहमीच्या जागी बसली होती. केंद्रावर असताना तिची टोपली मी कितीतरी वेळा परत पाठवली आहे. तरी मला पाहून हसली. "बाबू, तू म्हातारा झालास." ह्या लोकांना तुम्ही-आम्ही काही नाही, कलेक्टरलाही तू म्हणतील. मी पावशेर बिबे निवडून घेतले. टपोरे, काळे, वजनदार. माल बघून मन भरलं, हे कबूल करतो.

"जपून लाव," ती म्हणाली. "एक थेंब. जास्ती नोको लावू." बिब्याचं मला शिकवते!

४ फेब्रुवारी

रविवारी एक बिबा लावला. काही चटकलं नाही. सोमवारी दोन लावले. आज चार, तेही तेल उकळेपर्यंत तापवून, दोन्ही टाचांना आणि उजव्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत. काही नाही. हुळहुळलंसुद्धा नाही. फक्त कातडी काळी झाली आहे, म्हणजे रंग तेवढा शिल्लक आहे.

बिबा म्हणजे काय ते ज्याच्या अंगावर उतला त्याला विचारावं. फोड येतात, आग होते, माणूस नाचतो. हा बिबा उतलाच नाही. आता डोक्यात प्रकाश पडला. तेल आधी काढून घ्यायचं, आणि चोथा वरून पुसून चकचकीत करून म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायचा. बुधरीला वाटलं, बाबू नोकरीतून गेला, आता त्याला प्रत काय कळणार.

११ फेब्रुवारी

रक्ताचा निकाल आला. माझं आयरिसिन साठ जणांत खालून तिसरं. आणि पायाच्या परीक्षेत मी पहिला! डॉक्टरीणबाईच्या कपाळाला आठ्या. "काका, तुमचं मले काही समजून नाही राह्यलं. हार्मोन इतका कमी, शुगर बारा वर्षांची, आणि नसा एकदम ठीक. बाकी लोकांचा अंदाज जुळतो, तुमच्यापाशी येऊन सगळं अडते."

माझ्या एका पायाने त्यांच्या सिद्धांताला लाथ मारली. इतका आनंद मला निवृत्तीच्या सत्कारातही झाला नव्हता.

ती म्हणाली, "मोजे काढा, एकदा मी स्वतः पाहते." बिब्याचे काळे डाग दिसले असते आणि घरगुती औषधांवर अर्धा तास प्रवचन ऐकावं लागलं असतं. बस निघेल म्हणालो आणि उठलो. बस कसली, घर दोनशे पावलांवर आहे.

१५ फेब्रुवारी

घरात उंदीर मेला आहे. वास तिसऱ्या दिवशीही जात नाही. सुगंधाबाईला कपाट सरकवायला लावलं, धानाच्या कोठीमागे पाहायला लावलं. कुठे काही नाही. ती म्हणते, "अवो, तुमी दुसऱ्या खोलीत गेले की वास तिकडंच जाते." मी म्हटलं, उंदीर मेला तरी तुझ्यापेक्षा हुशार आहे.

मोजेही ती नीट वाळवत नाही. उजवा मोजा सकाळी घालतो आणि दुपारी ओला. बोललो तर डोळ्यांत पाणी आणते. आता मोजे मीच वाळवीन.

१९ फेब्रुवारी

धानोऱ्याला जाऊन बुधरीचा हिशेब चुकता केला. भर बाजारात, सगळ्यांसमोर. म्हटलं, "ही बाई तेल काढलेला बिबा विकते. मी मुखरू बोरकुटे सांगतो, ज्याने ह्या बाजारात एकतीस वर्षं माल पारखला."

ती उठली नाही. "बाबू, झाड तेच हाय, मीबी तेच हाय. बिबा खोटा कसा होईन?"

"मग उतला का नाही?"

तिने दगडाने एक बिबा फोडला, त्याचा रस डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला चोळला आणि हात सगळ्यांना दाखवला. मी म्हटलं, नाटक पुरे. रस अंगावर दिसायला दोन दिवस लागतात, तेवढ्यात बाजार उठतो.

व्यापारी प्रफुल तिथेच उभा होता. तो माझ्या हाताखाली शिकला. तिच्या हाताकडे त्याने पाहिलंही नाही. माझ्याकडे पाहिलं, आणि तिची टोपली सोडून पुढच्या बाईकडे गेला. मग बाकीचेही गेले. अजून माझ्या शब्दाला वजन आहे.

येतानापासून अंगात थोडी कणकण आहे. बसमध्ये शेजारचा माणूस नाकाला रुमाल लावून उठून गेला. काही लोकांना बसण्याची रीत नसते.

२४ फेब्रुवारी, गडचिरोली

दवाखान्यातून लिहितोय. ताप उतरलेला नाही. पण लिहायचं ठरवलंय.

काल सकाळी बुधरी सावलीला घरी आली. दोन बस बदलून, पत्ता विचारत विचारत. मला ताप होता. ओसरीवर खुर्चीत बसलो होतो. तिने पदर बाजूला करून डावा हात पुढे केला. मनगट सुजलेलं, मधे काळं, भोवती पाण्याचे फोड, त्यावर कसल्यातरी पाल्याचा लेप.

"पाह्य. उतला. आता चाल, बाजारात सांग. माझा माल कोणी घेऊन नाई राह्यलं."

खरं म्हणजे मला पहिल्यांदा वाटलं की हिने दुसरा, खरा बिबा लावला असेल. मी असा माणूस आहे.

"एका थेंबात माझा हात असा झाला," ती म्हणाली. "तू किती लावला?"

"शेवटी चार. चार बिबे."

तिने माझ्या पायांकडे पाहिलं. "मंग तुझा पाय काऊन नाई उतला, बाबू?"

सुगंधाबाई चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. बुधरी खाली बसली आणि उजवा मोजा धरला. तापात चार दिवस मी तो काढलाच नव्हता, चिकटला होता. तिने पेल्यातलं पाणी त्यावर ओतलं आणि हळूहळू सोडवायला लागली. मी समोरच्या कॅलेंडरकडे पाहत होतो. मोजा कधी निघाला ते मला कळलं नाही. सुगंधाबाईच्या हातातला कप पडला तेव्हा कळलं.

उंदीर नव्हता. पायच होता.

अंगठा काळा पडला होता, शेजारचं बोटही. टाचेची कातडी मोज्याबरोबर निघाली होती आणि खाली ओलं, पिवळं मांस. मला काहीही दुखत नव्हतं. दुसऱ्याचा पाय पाहावा तसा मी पाहत होतो. मग मला भीती वाटली. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नाही.

जीप बुधरीने थांबवली. मला धरून चढवलंही तिनेच.

२ मार्च

अंगठा आणि दुसरं बोट काढलं. सर्जन म्हणतात, जखम भरली तर पाय राहील. पू वर चढला तर घोट्यापासून कापावा लागेल. पंधरा दिवसांत कळेल.

सुगंधाबाई आडून रडते. मी मोज्यांवरून तिला जे बोललो ते सगळं ह्याच वहीत आहे. वाचवत नाही.

९ मार्च

डॉक्टरीणबाई सावलीहून भेटायला आली. हातात माझा कागद. तिच्या आधी मीच बोललो, नाहीतर पुन्हा धीर झाला नसता. "त्या दिवशी मी डोळे उघडे ठेवले होते."

ती स्टुलावर बसली. "काका, मी महिनाभर तुमचाच कागद घेऊन बसले. मशीन बिघडली का पाहिलं. नमुना बदलला का पाहिलं. रक्त दुसऱ्यांदा तपासलं. सगळ्यांवर शंका घेतली, तुमच्यावर नाही घेतली."

"माझं नाव काढून टाका तुमच्या अभ्यासातून."

"ते होईल. साठाचे एकोणसाठ होतील." मग म्हणाली, "मीच तुमाले त्या दिवशी मोजे काढायला लावायले पाह्यजे होते. जाऊ द्यायचं नव्हतं."

शिव्यांची मी तयारी ठेवली होती. तिने दोष स्वतःवर घेतला, ते मात्र सहन झालं नाही. जिच्या आजीची टोपली परत पाठवल्याच्या फुशारक्या मी मारतो, ती बाई माझ्या पायाशी बसून माझ्या लबाडीची माफी मागत होती. माझ्यासारखा हलका माल मी माझ्या केंद्रावर उतरवूनही घेतला नसता.

मी म्हटलं, पुन्हा परीक्षा घ्या. डाव्या पायाची घ्या, तो तरी शाबूत आहे. डोळ्यांवर मीच टॉवेल बांधला आणि वाट पाहत बसलो. मिनिट गेलं, दोन गेली. मी म्हणालो, "करा सुरू."

ती म्हणाली, "झालं, काका."

१८ मार्च

पू वर चढला नाही. पाय राहिला. घोटा वाचला.

वारलू भेटायला आला होता, ते डब्यासारखे बूट घालून. बोटं दहाच्या दहा. मला म्हणाला, "मी रोज सकायी आरशात पाह्यतो, भाऊ. पोट्टे हासतेत. हासू दे." मी त्याला बुटांचं माप विचारलं.

६ एप्रिल, धानोरा

पाय जमिनीवर टेकवायची मनाई आहे. तरी आलो. सुगंधाबाई जीपमध्ये सगळा रस्ता माझा पाय मांडीवर धरून बसली होती. बाजारात मोहाचे ढीग लागले होते. बिब्याचा हंगाम सरला. बुधरीकडे मात्र तीच टोपली होती, जवळजवळ भरलेली. तिच्या शेजारी खुर्ची मागून घेतली आणि प्रफुलला हाक मारली.

मी सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. हिचा बिबा खरा होता. पहिल्या प्रतीचा. खोटा माझा पाय होता. ह्या बाईला मी भर बाजारात चोर म्हटलं, आणि ती मला दवाखान्यात घेऊन गेली.

प्रफुल समजूतदारपणे हसला. "बाबूजी, बाई घरी येऊन रडली असन, तुमाले दया आली. होते असं या वयात."

माझा शब्द ह्या बाजारात बाईला बुडवायला पुरला, आणि वर काढायला पुरत नव्हता. तेव्हा मी वाकलो आणि पायाची पट्टी सोडायला लागलो. सुगंधाबाईने हात धरला, मी सोडवून घेतला. मी दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवत जगलो. स्वतःचं उघडं करून दाखवायची ही पहिली वेळ होती. लाज वाटली. माणसं जमली. कोणीतरी "अरे बापा" म्हटलं.

"हे बघ," मी प्रफुलला म्हटलं. "इतका खरा होता हिचा बिबा. आणि मला कळलाही नाही."

प्रफुल एक पाऊल मागे सरला. पायाकडे पाहिलं, मग बुधरीच्या मनगटाकडे, तिथे नवी गुलाबी कातडी आली होती. त्याने टोपली उचलून काट्यावर ठेवली.

मी तसाच बसून होतो. मान वर करवत नव्हती. बुधरी माझ्या पायाशी येऊन बसली आणि पदराने वारा घालायला लागली.

"झाक आता, बाबू," ती म्हणाली. "माशा बसून राह्यल्या."

मी खाली पाहिलं. खरंच बसल्या होत्या, सात-आठ.